२६ दिवसांची ताई, २ वर्षांचे गुरुजी

२६ दिवस, २ वर्षे, ५ वर्षे. मुलांना शिकवणाऱ्या माणसाची तयारी आपण किती काळात उरकतो, ते या तीन आकड्यांत दिसते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या अंगणवाडी सेविकेचे मुख्य सेवाप्रशिक्षण वर्षानुवर्षे कामाच्या २६ दिवसांचे राहिले. पहिली ते पाचवीच्या शिक्षकाला बारावीनंतर २ वर्षांची पदविका लागते. नववी-दहावीला शिकवायचे असेल तर ३ वर्षांची पदवी आणि त्यावर २ वर्षांचे बीएड, म्हणजे ५ वर्षे.

यांच्या शेजारी चौथा आकडा ठेवू: ८५ टक्के. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आत होते, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिले आहे. म्हणजे ज्या वयात सर्वाधिक घडते, त्या वयाच्या शिक्षकाला आपण सर्वांत कमी शिकवतो. मूल जितके लहान, तितकी त्याच्या शिक्षकाची तयारी कमी, मोबदला कमी आणि त्या तयारीची चौकशी करणारेही कमी. ही रचना उलटी आहे, आणि पुढे तिसरी-पाचवीत वाचनाचे जे निकाल हाती येतात, त्यांचा धागा बराचसा इथेच सापडतो.

अंगणवाडीचा हिशेब

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार. योजनेत सहा सेवा आहेत: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. प्रशिक्षणाचे २६ दिवस या सहा सेवांत सरळ वाटले, तर शाळापूर्व शिक्षणाच्या वाट्याला सुमारे सव्वाचार दिवस येतात. प्रत्यक्षात वाटा थोडा जास्त धरा, दुप्पट धरा. तरी नऊ दिवसांच्या आतच तो संपतो.

दुसऱ्या बाजूला, मूल अंगणवाडीत तीन वर्षे असते. वर्षाचे ३०० दिवस आणि रोज शिकण्या-खेळण्याचे दोनच तास धरले, तरी १,८०० तास होतात. या १,८०० तासांत काय करायचे, मुलाचे बोलणे कसे फुलवायचे, गोष्ट सांगताना कुठे थांबायचे, बोलत नसलेल्या मुलाकडे कसे जायचे, हे सारे सेविकेने त्या आठ-नऊ दिवसांत शिकावे, अशी आपली अपेक्षा आहे.

मे २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी पढाई भी' ही मोहीम आणली. अंगणवाडीत आहाराइतकेच शिक्षणही महत्त्वाचे, ही तिची भूमिका योग्यच आहे. तिच्या पहिल्या फेरीत सेविकांना मिळालेले प्रशिक्षण तीन दिवसांचे होते. तीन दिवसांत उत्साह येतो, काही खेळ समजतात, हाती पुस्तिका पडते. चार वर्षांच्या मुलाचे निरीक्षण करून त्याच्यासाठी उद्याचा खेळ ठरवण्याची सवय तीन दिवसांत अंगी बाणत नाही.

शैक्षणिक धोरणाने याहून मोठे आश्वासन दिले होते. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्या सेविकेला एक वर्षाची पदविका. महाराष्ट्रात सेविका आणि मदतनीस यांच्या नव्या भरतीला आता बारावीची अट आहे, त्यामुळे सहा महिन्यांचा मार्ग बहुतेक नव्या सेविकांना खुला होऊ शकतो. पण हा अभ्यासक्रम काम सांभाळून, बराचसा दूरचित्रवाणी वाहिन्यांवरून आणि मोबाइलवरून, महिन्यातून मोजक्या प्रत्यक्ष भेटींसह करायचा, असेच धोरणात सुचवले आहे. दिवसभर वजने, आहार, नोंदी आणि पोषण ट्रॅकर हे ॲप सांभाळणारी बाई रात्री घरचे आवरून मोबाइलवर बालशिक्षण शिकेल, ही कल्पना मला पटत नाही.

मोबदल्याचा आकडाही पाहू. केंद्राने सेविकेचे मानधन १ ऑक्टोबर २०१८ पासून ३,००० वरून ४,५०० रुपये केले आणि मदतनीसाचे १,५०० वरून २,२५० रुपये. राज्ये त्यावर आपली भर घालतात, महाराष्ट्रही घालतो. तरी तिला मिळते ते मानधनच, वेतन नव्हे. सेविका ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, हे ठरायलाही एप्रिल २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

या सगळ्याच्या मुळाशी कायदा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. सहाच्या आतल्या मुलांच्या शाळापूर्व शिक्षणाची सोय सरकारने करण्याला त्याच कायद्याच्या ११ व्या कलमाने मुभा दिली, बंधन घातले नाही. सहाव्या वर्षानंतर शिक्षक किती, वर्ग किती, पात्रता काय, हे सारे कायद्याने मोजले जाते. त्याआधी तसे काही नाही. म्हणूनच सोसायटीच्या तळमजल्यावर निघालेल्या नर्सरीत शिकवणाऱ्या 'मिस'ची पात्रता कोणी विचारत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने शाळापूर्व शिक्षकासाठी बारावी आणि दोन वर्षांची पदविका ठरवून ठेवली आहे. नियम आहे, तो पाळून घेणारा हात नाही.

आणि लहान मुलांच्या शिक्षिका नीट घडवण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या पालघरमधल्या, बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेले. आदिवासी पाड्यांतल्या अंगणातच वर्ग भरवणे, गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढणे, पाने-दगड-बिया हेच साहित्य मानणे आणि त्याबरोबरच शिक्षिका तयार करणे, ही सगळी कामे तिथे एकाच जागी चालत. मुले आणि शिकणाऱ्या शिक्षिका एकाच आवारात होत्या, हे मला त्या प्रयोगाचे सर्वांत मोलाचे अंग वाटते. बालविकास योजना देशभर पसरली तेव्हा अंगणवाडी पसरली, शिक्षिका घडवण्याची ती पद्धत मात्र कोसबाडातच राहिली.

२४९ पैकी ४४

आता प्राथमिककडे येऊ. डीएड म्हणा, डीटीएड म्हणा किंवा आजचे डीएलएड म्हणा, अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. २०१४ च्या नियमांनुसार वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, एका तुकडीत ५० छात्राध्यापक आणि दोन वर्षांत मिळून २० आठवड्यांची शाळेतली आंतरवासिता: पहिल्या वर्षी ४ आठवडे, दुसऱ्या वर्षी १६. एकूण ४०० दिवसांपैकी १०० ते १२० दिवस मुलांमध्ये. कागदावर हे प्रमाण चांगले आहे. प्रश्न त्या दिवसांत कोण कोणाला पाहतो, हा आहे.

एका तुकडीचा हिशेब करू. ५० छात्राध्यापक, १६ आठवडे, प्रत्येकाचा आठवड्यातून एकच पाठ अध्यापकाने मागे बसून पाहायचा आणि नंतर त्याच्याशी बोलायचे. ८०० पाठ होतात. विद्यालयात आठ अध्यापक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर. हे जमण्यासारखे आहे, पण आठ अध्यापक खरोखर असायला हवेत, जवळ शाळा हव्यात आणि त्या शाळांना छात्राध्यापकांची अडचण न वाटता उपयोग वाटायला हवा.

महाराष्ट्रात नेमके काय होते, याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. राज्यातल्या २९१ डीएड विद्यालयांच्या मान्यतेचा वाद दिल्लीपर्यंत गेला आणि त्यातूनच २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाने २४९ विद्यालये प्रत्यक्ष तपासली. अभ्यासक्रम चालवण्यास योग्य ठरली ४४. शेकडा अठरा सुद्धा नाहीत. याच आयोगाचा हवाला देऊन शैक्षणिक धोरण म्हणते की देशातल्या १० हजारांहून अधिक एकेकट्या अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीरपणे शिक्षक घडवण्याचा प्रयत्नही करत नाहीत, त्या पदव्या विकतात. सरकारी दस्तऐवजात इतके स्पष्ट वाक्य क्वचितच येते.

ज्या विद्यालयात इमारत भाड्याची, अध्यापक हजेरीपटापुरते आणि सराव शाळा फक्त शिक्क्यापुरती, तिथला छात्राध्यापक काय शिकतो? तो पाठ टाचण लिहायला शिकतो. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, फलकलेखन, मूल्यमापन, रकाने आखून, सुंदर अक्षरात. टाचण लिहिणे वाईट नाही. पण टाचणात मूल नसते.

मूल वर्गात काय करते, त्याचे उदाहरण देतो. तिसरीतल्या मुलाला ४१ मधून १३ वजा करायला सांगा. बरीच मुले उत्तर देतात ३२. साधा शिक्षक लाल फुली मारतो आणि हातच्याची रीत पुन्हा फळ्यावर करून दाखवतो. तयार झालेला शिक्षक थांबतो. मुलाने अंदाजपंचे उत्तर दिलेले नाही, त्याने स्वतःचा एक नियम काटेकोर पाळला आहे: मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. ३ मधून १ गेला, २ राहिले; ४ मधून १ गेला, ३ राहिले. म्हणजे ४१ हे चार दशक आणि एक सुटा, ही गोष्ट त्याच्या हाताखालून गेलेलीच नाही. मग शिक्षक काड्यांचे गठ्ठे काढतो, एक गठ्ठा सोडायला लावतो. त्या मुलाला रीत पुन्हा दहा वेळा सांगून उपयोग नसतो.

अंगणवाडीतही असेच. चार वर्षांची मुलगी एक ते वीस घडाघडा म्हणते, सगळे टाळ्या वाजवतात. तिच्यासमोर सात चिंचोके ठेवा. बोट एका चिंचोक्यावर असताना तोंडाने दोन आकडे निघून जातात आणि ती म्हणते आठ. एका वस्तूला एकच आकडा, हे तिला अजून जुळलेले नाही. हे ओळखणारी ताई तिला आठवडाभर वाट्या मांडायला लावील, प्रत्येक वाटीत एक लाडू ठेवायला लावील. न ओळखणारी ताई तिला पाटीवर १ ते १०० गिरवायला बसवील आणि पालकही खूश होतील.

वाचनातही हेच दिसते. 'प्र' आणि 'र्प' यांत र कुठे आहे, हे मोठ्यांना दिसतच नाही, इतके सवयीचे झालेले असते. मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते, पालघरच्या पाड्यावरचे वारली, नंदुरबारच्या डोंगरातले पावरी किंवा भिली. शाळेत त्याला पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठी भेटते. अशा वर्गात त्याच्या बोलीतले शब्द आधी फळ्यावर यावेत, हे छात्राध्यापकाला कधीतरी प्रत्यक्ष करून बघावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत मान्य केली. बीएडधारकांना प्राथमिक शिक्षक होता येईल, अशी २०१८ ची अधिसूचना न्यायालयाने रद्द ठरवली. लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे असते आणि त्याची तयारी पदविकेत होते, बीएडमध्ये नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. बीएड मोठे आणि डीएड धाकटे, हा आपल्याकडचा घट्ट समज त्याने मोडायला हवा होता. अजून मोडलेला नाही.

परीक्षा मोजते, घडवत नाही

आता सर्वांत चर्चेतले आकडे. २०२१ च्या महाराष्ट्र शिक्षक पात्रता परीक्षेला सुमारे ४ लाख ६८ हजार उमेदवार बसले आणि १७ हजारांच्या थोडे वर पात्र ठरले: ३.७ टक्के. २०२४ च्या परीक्षेत पात्र ठरलेले ११ हजारांच्या आसपास, सुमारे ३.३ टक्के. यात दोन्ही पेपर आले, पुन्हापुन्हा बसणारेही आले. तरीही ९६-९७ टक्के अपात्र, हा आकडा अस्वस्थ करणारा आहे. हे उमेदवार कुठून आले? बहुतेकांच्या हाती सरकारमान्य पदविका किंवा पदवी होती. एका विभागाने शिक्षक म्हणून प्रमाणपत्र द्यायचे आणि दुसऱ्याने त्याच माणसाला अपात्र म्हणायचे, यात दोष एकट्या उमेदवाराचा कसा?

परीक्षेचे स्वरूपही लक्षात घ्या. १५० प्रश्न, १५० मिनिटे, चार पर्यायांतून एक. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, राखीव गटांना थोडी सवलत. विषयाचे किमान ज्ञान तपासायला ही परीक्षा हवीच. तिच्यात २०१९-२० मध्ये जो गैरव्यवहार झाला, ज्यात पावणेआठ हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल बनावट निघाले, त्यामुळे तिची गरज कमी होत नाही. पण ३२ हे उत्तर पाहून थांबणारा शिक्षक कोण आणि फुली मारणारा कोण, हे तिला कळू शकत नाही. ते फक्त वर्गात मागच्या बाकावर बसून कळते.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या शिक्षकांनाही ही परीक्षा बंधनकारक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांना दोन वर्षांची मुदत आहे. शिक्षकांमध्ये भीती आहे. माझ्या मते ही दोन वर्षे नुसत्या सराव प्रश्नसंचांत गेली तर वाया जातील. तीच दोन वर्षे केंद्राकेंद्रांत एकमेकांचे पाठ पाहण्यात आणि गणित-भाषेची उजळणी करण्यात गेली, तर परीक्षाही सुटेल आणि वर्गही सुधारेल.

भरतीचा हिशेब याहून निर्दय आहे. मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीला बंदी आली. त्यानंतर भरतीसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी २०२३ च्या सुरुवातीला, तिसरी २०२५ मध्ये. विसाव्या वर्षी, २०१२ साली डीएड झालेली मुलगी पहिल्या चाचणीला पंचवीस वर्षांची होती आणि दुसरीला तिशी गाठलेली. २०२३ ची चाचणी २ लाख १६ हजारांच्या घरात उमेदवारांनी दिली. पुढे जाहिरात निघाली २१ हजार ६७८ जागांची. दहांतला एक. निवड झाल्यावर तीन वर्षे शिक्षणसेवक. जानेवारी २०२३ पासून प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना १६,००० रुपये मिळतात. त्याआधी कित्येक वर्षे ६,००० रुपये, म्हणजे दिवसाला २०० रुपये, मिळत. एके काळी बारावीला उत्तम गुण असलेली मुलेमुली डीएडच्या यादीत नाव यावे म्हणून धडपडत. आज अनेक विद्यालयांत जागा रिकाम्या आहेत. हुशार मुले या वाटेने का येत नाहीत, याचे उत्तर या परिच्छेदातल्या आकड्यांतच आहे.

मुलांपर्यंत हे कसे पोहोचते? 'असर' २०२४ च्या ग्रामीण पाहणीनुसार देशात तिसरीतली २७.१ टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकतात, पाचवीतली ४८.८ टक्के. २०२२ पेक्षा ही सुधारणा आहे आणि तिचे श्रेय शिक्षकांना दिलेच पाहिजे. पण पाचवी संपतानाही निम्म्याहून अधिक मुले दुसरीचे पान वाचू शकत नाहीत. दुसरीकडे त्याच पाहणीत तीन वर्षांची ७७.४ टक्के आणि चार वर्षांची ८३.३ टक्के मुले कुठल्या ना कुठल्या पूर्वप्राथमिक केंद्रात दाखल आहेत. मुले दारात आलेली आहेत. तिसरी संपेपर्यंत सर्वांना वाचन-गणन यावे, हे केंद्राच्या निपुण भारत मोहिमेचे उद्दिष्ट २०२६-२७ चे आहे.

शिक्षकांची संख्या हा आता मुख्य अडसर राहिलेला नाही, हेही नमूद करायला हवे. २०२४-२५ मध्ये देशातल्या शिक्षकांची संख्या १ कोटीच्या पुढे गेली आणि पायाभूत टप्प्यावर सरासरी १० मुलांमागे एक शिक्षक आला. पण सरासरीच्या आड १ लाख ४ हजार एकशिक्षकी शाळा आहेत आणि त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले आहेत, म्हणजे शाळेमागे सरासरी ३२. महाराष्ट्रातही वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा आहेत, जिथे दोन शिक्षक चार-पाच इयत्ता एकत्र सांभाळतात. छात्राध्यापकाचा सरावपाठ मात्र एका इयत्तेच्या भरल्या वर्गात, पस्तीस मिनिटांचा होतो. नेमणूक होते ती वस्तीवरच्या शाळेत, आणि पहिल्या दिवशी त्याच्यापुढे चारही इयत्ता एका खोलीत बसलेल्या असतात.

करता येण्याजोगे

महाराष्ट्रातल्या १ लाख १० हजार सेविकांपैकी दर वर्षी २० हजारांना सहा महिन्यांचे खरे, प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यायचे ठरवले, तर साडेपाच वर्षांत सगळ्या होतात. चाळिसांची तुकडी धरली तर वर्षाला ५०० तुकड्या, ३६ जिल्ह्यांत जिल्ह्यामागे १४, आणि वर्षातून दोन फेऱ्या घेतल्या तर एका वेळी सात. इमारती आणि अध्यापक कुठून आणायचे? डीएड विद्यालयांतल्या रिकाम्या जागा आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, यांतून. चांगली विद्यालये निवडा, बाकीची बंद करा. सेविका शिकायला गेली की तिच्या जागी मानधनावर बदली बाई द्या, नाहीतर अंगणवाडीला कुलूप लागेल आणि प्रशिक्षणच बदनाम होईल. बदली सेविकेचा हा खर्च आजच्या कोणत्याही आराखड्यात मला ठळकपणे दिसत नाही, आणि तो नसेल तर बाकीचे सारे कागदावर राहील.

डीएलएडच्या २० आठवड्यांपैकी चार आठवडे अंगणवाडीत आणि चार आठवडे बहुवर्ग शाळेत सक्तीचे करावेत. पहिलीच्या शिक्षकाने पाच वर्षांचे मूल पाहिलेलेच नसावे, हे चालवून घेऊ नये. देशातल्या ६१३ डाएटचा दर्जा वाढवण्याची योजना २०२३-२४ पासून सुरू आहे. तिच्या पैशांतून रंगरंगोटी होण्याआधी रिक्त पदे भरली जावीत. धोरणाने ठरवलेला चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम २०२३-२४ मध्ये ५७ संस्थांपासून सुरू झाला. तो चांगला आहे, पण कोटीभर शिक्षकांच्या देशात तो पोहोचायला एक पिढी जाईल. तोवर दोन वर्षांची पदविकाच हा भार वाहणार आहे, तिला मरू देऊ नका. आणि अभियोग्यता चाचणी दर वर्षी, ठरलेल्या महिन्यात घ्या. त्याला फारसा पैसा लागत नाही.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या मुलाला, नातवंडाला बालवाडीत घालताना आपण शुल्क विचारतो, गाडीची सोय विचारतो, इंग्रजी कधीपासून ते विचारतो. यापुढे आधी हे विचारा: शिकवणाऱ्या ताईंचे प्रशिक्षण कुठे आणि किती दिवसांचे झाले, त्यातले किती दिवस त्या मुलांमध्ये होत्या आणि त्यांचा वर्ग कोणी पाहिला होता? गावातल्या अंगणवाडीसाठी हाच प्रश्न ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.